भूविज्ञानातील डॉक्टरेट व पावसाळ्यांचा हिशेब

भूविज्ञानात एम.एस्‌सी. झालेला माझा भाचा दोन वर्षांपूर्वी मजकडे आला आणि डॉक्टरेटसाठी नाव नोंदवावे की मिळेल ती नोकरी धरावी, असा प्रश्न त्याने मांडला. माझे शिक्षण मराठी साहित्याचे; शास्त्राशी माझा संबंध भाषांतरापुरता. तरीही खडकांविषयीच्या पुस्तिका मराठीत आणताना या विद्येच्या स्वभावाबद्दल माझे एक मत बनले आहे. शाळा-महाविद्यालयांतील ज्या मुलांच्या मनात हा मार्ग आहे, त्यांच्यासाठी ते येथे मांडतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरेटचा अभ्यासक्रम किमान तीन व कमाल सहा वर्षांचा असतो. रसायनशाळेत तीन वर्षांत एकच प्रयोग शेकडो वेळा करून पाहता येतो. भूजलाच्या अभ्यासकाला मात्र तीन वर्षांत तीनच पावसाळे लाभतात आणि त्यांतील एखादा कोरडा गेला, तर तो पुन्हा मागून घेता येत नाही.

भाच्याच्या मनातील विषय हाच होता : दख्खनच्या काळ्या कातळातील पाणी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून झालेला हा कातळ आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेला आहे. अखंड कातळात पाणी जवळजवळ मुरतच नाही. ते साठते वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत. म्हणून एका विहिरीला बारमाही पाणी, तर हाकेच्या अंतरावरील दुसरी माघातच कोरडी, असे दृश्य दिसते. त्याच त्या विहिरी पावसाळ्याआधी व नंतर, वर्षानुवर्षे मोजल्याखेरीज येथे कोणतेही विधान करणे धाडसाचे होय.

कोयनेचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथील जलाशय १९६२ मध्ये भरू लागला. ११ डिसेंबर १९६७ रोजी ६.३ तीव्रतेचा भूकंप होऊन सुमारे १८० माणसे दगावली. तेव्हापासून सुमारे २० किलोमीटर रुंद व ३० किलोमीटर लांब अशा त्या टापूत धक्के बसतच आहेत आणि जलाशयाच्या पाण्याच्या चढउताराशी त्यांचा संबंध आढळला आहे. पुढे गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडण्यात आले, तेव्हा सव्वा किलोमीटरच्या सुमारास कातळ संपून ग्रॅनाइटी खडक लागला. सहा दशकांची ही कहाणी कोणा एका प्रबंधात मावणारी नव्हे. ज्यांनी ज्यांनी तिच्यावर काम केले, त्यांनी आधीच्यांच्या नोंदी पुढे चालविल्या.

प्रबंधाचे परीक्षक विचारतात, ‘यात नवीन काय?’ प्रश्न रास्त आहे. परंतु भूविज्ञानात दुसऱ्याची नोंदवही इमानाने पुढे चालविणे हेदेखील संशोधन मानले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. तसे न मानल्याने काय होते, ते भाच्याच्या वाट्याला आले. त्याने निवडलेल्या खोऱ्यावर पूर्वी एक प्रबंध झाला होता. ग्रंथालयात तो मिळाला, उत्तम बांधणीचा. त्यात सुबक आलेख होते. मात्र मूळ आकडे नव्हते आणि कोणत्या विहिरी मोजल्या याचा ठावठिकाणाही नव्हता. लेखकाला पदवी मिळाली, आणि त्याचे चार पावसाळे वाया गेले. (भाषांतरकाराने मूळ प्रतच हरवावी, तसे हे झाले.)

माणसाने पोटापाण्याचा विचार सोडून वीस वर्षे विहिरी मोजीत बसावे, असे माझे म्हणणे नाही. घरी वयस्क आईवडील आहेत, शिष्यवृत्तीला मुदत आहे. म्हणूनच तीन-चार वर्षांचे काम पुढच्याच्या हाती देता येईल अशा रूपात ठेवणे आवश्यक ठरते. माझे चालले, तर प्रबंधासोबत मूळ नोंदी व मोजणीची ठिकाणे ग्रंथालयात जमा झाल्याखेरीज पदवी देऊ नये, असा नियम मी करीन. आणि नाव नोंदवू इच्छिणाऱ्याने मार्गदर्शकाला पहिला प्रश्न विचारावा तो हा : माझ्याआधीच्या विद्यार्थ्याची वही कोठे आहे?

भाच्याने नाव नोंदविले. पहिल्या मे महिन्यात त्याने चाळीस विहिरी मोजल्या, आणि जेथून फीत खाली सोडली तेथे प्रत्येक कठड्यावर पांढऱ्या रंगाने खूण करून क्रमांक घातला. एका शेतकऱ्याने विचारले, हा आकडा कशाचा? भाचा म्हणाला, माझ्यानंतर येईल त्याच्यासाठी.