भीड भिकेची बहीण

सोनारानेंच कान टोचावे, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याचें काम त्यानेंच करावें, हा तिचा अर्थ. आणि तो खराही आहे. परंतु ज्याला एखाद्या विषयांतील सर्व कळतें त्याच्यापुढें, ज्याला त्यांतील कांहींच कळत नाहीं असा मनुष्य किती दुबळा असतो, याचा विचार ही म्हण करीत नाहीं. वैद्य, वकील, यंत्रें दुरुस्त करणारे कारागीर, या सर्वांपुढें आपली हीच स्थिति होते. आज आम्ही त्यांपैकीं एकट्या सराफाच्या पेढीचा विचार करणार आहों. कारण तेथें आम्हांस स्वतःलाच ठेंच लागली आहे.

आमच्या आजींच्या मागें चार पाटल्या राहिल्या होत्या. त्यांपैकीं दोन आमच्या भगिनीकडे गेल्या व दोन आमच्या घरीं आल्या. कन्येच्या विवाहप्रसंगीं या दोन मोडून नवा हार करावा असें ठरलें, आणि तीन पिढ्यांचा परिचय असलेल्या एका पेढीवर आम्ही गेलों. चहा आला, घरच्या मंडळींची विचारपूस झाली. वजन ४६ ग्रॅम भरलें. पेढीवरील गृहस्थांनीं पाटली कसोटीवर घांसली, क्षणभर निरखून पाहिलें आणि "जुन्या घडणीचें सोनें, अठरा कॅरटच्या वर जाणार नाहीं," असें सांगितलें. आमच्या कुटुंबानें हलक्या आवाजांत, "एकदां दुसरीकडे तपासून पाहूं या का?" असें विचारलें, पण इतक्या जुन्या माणसाचा अपमान होईल म्हणून आम्हींच तिला गप्प बसविलें. पुढें कांहीं महिन्यांनीं भगिनीनें आपल्याकडील पाटल्या तपासणी केंद्रांत नेल्या, तेव्हां त्या एकवीस कॅरटच्या, म्हणजे हजारांत ८७५ भाग शुद्ध निघाल्या. चारही पाटल्या एकाच वेळीं, एकाच सोन्याच्या घडविलेल्या होत्या. आमच्या जोडीचा हिशेब हजारांत ७५० भागांनीं झाला होता. म्हणजे सुमारें पावणेसहा ग्रॅम शुद्ध सोनें आम्हीं केवळ भिडेपोटीं सोडून दिलें. पैशांचें नुकसान झालें तें झालेंच. पण घरांत ज्या एका व्यक्तीस योग्य प्रश्न सुचला तिलाच आम्हीं गप्प केलें, ही टोंचणी अद्याप गेलेली नाहीं.

हा प्रकार नवा नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सोनें चोरण्याच्या उपायांचें वर्गीकरणच केलेलें आहे. खोटा तराजू, चांगल्या सोन्याच्या जागीं हीन धातु सरकविणें, आंत हीन धातु ठेवून वरून सोन्याचा पत्रा मढविणें, हे प्रकार त्यांत येतात. यावरून सगळेच सराफ लबाड असतात असें मात्र कोणीं समजूं नये. सचोटीनें पेढी चालविणारे पुष्कळ आहेत. आणि आपण नीट तपासून घेतलें तर त्यांस रागही येत नाहीं.

आतां कायद्यानें गिऱ्हाइकाच्या हातीं कोणतीं साधनें दिलीं आहेत तें पाहूं. भारतीय मानक ब्यूरोची हॉलमार्क योजना सोन्यासाठीं २००० सालीं सुरू झाली, आणि १६ जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्यानें जिल्ह्याजिल्ह्यांत सक्तीची होत गेली. नव्या दागिन्यावर तीन खुणा असतात : ब्यूरोचें त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आंकडा, आणि अक्षरें व अंक मिळून सहा खुणांचा, त्या एकाच दागिन्याचा क्रमांक. बावीस कॅरटला ९१६, अठराला ७५० व चौदाला ५८५ असा आंकडा असतो. १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना दुकानदारास विकतां येत नाहीं. दोन ग्रॅमांहून कमी वजनाचे, तसेच कुंदन, पोलकी व जडावाचे दागिने सक्तींतून वगळले आहेत. म्हणून तेथें अधिक सावध असावें.

नुसती खूण पाहून समाधान मानूं नये. ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या ॲपमध्यें तो क्रमांक घालावा. सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र, दागिन्याचा प्रकार व शुद्धता ही माहिती तेथें दिसते. क्रमांक अंगठीचा निघाला आणि हातांत साखळी असली, तर काय समजावयाचें तें सांगावयास नको. पावतीवर दागिन्याचें वर्णन, खड्यांवांचून सोन्याचें निव्वळ वजन, कॅरट व हॉलमार्कचा आकार हीं वेगळीं लिहून घ्यावीं. घडणावळ कशी धरली तेंही विचारावें. भाव तोळ्याचा सांगितला तर तोळा किती ग्रॅमांचा, हें आधीं ठरवावें. जुना तोळा सुमारें ११.६६ ग्रॅमांचा, बाजारांतील आजचा बहुधा १० ग्रॅमांचा.

मोड देतांना तर याहून जपावें. घरांतील जुनें, हॉलमार्क नसलेलें सोनें विकण्यास गृहस्थास बंदी नाहीं. पण पेढीवर नेण्यापूर्वीं तें मान्यताप्राप्त केंद्रांत तपासून घ्यावें. क्ष-किरणांच्या यंत्रास वरच्या थराचेंच ज्ञान होतें. संशय असल्यास थोडा तुकडा काढून भट्टींत परीक्षा करितात, ती खात्रीची. सोनें वितळवावयाचें झाल्यास आपल्या समक्ष वितळवावें, आणि आधींचें व नंतरचें वजन कागदावर टिपावें.

इतकें करूनही फसगत झाली तर हातपाय गाळूं नयेत. हॉलमार्कच्या दागिन्यांत लिहिल्यापेक्षां कमी शुद्धता आढळली, तर त्या तुटीच्या किमतीच्या दुप्पट भरपाई व तपासणीचा खर्च मिळण्याचा नियम आहे. प्रथम दुकानदारास लेखी कळवावें. दाद न लागल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, आणि शेवटीं जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावें. तेथें दोन वर्षांच्या आंत जावें लागतें. पांच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाहीं, व वकील दिलाच पाहिजे असेंही नाहीं. आमच्याजवळ मात्र कागदाचा एक कपटाही नव्हता. मग तक्रार कशाच्या आधारें करणार?

भीड ही भिकेची बहीण, हें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों, आणि तरीही पेढीवर बसतांच विसरलों. सोनाराकडून कान अवश्य टोंचून घ्यावे. पण डोळे उघडे ठेवावे, आणि शेजारीं बसलेलें आपलें माणूस हळूच कांहीं सुचवूं लागलें, तर निदान त्याचें ऐकून घ्यावें.