टूरवाल्यांना दिलासा कुठे?



'परदेशवारीचा भार हलका' हे पत्र वाचले. टीसीएसची, म्हणजे परदेशी खर्चावर आगाऊ वसूल होणाऱ्या कराची, मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून सातवरून दहा लाख झाली, हे खरे. पण २०२५ मध्ये टूर पॅकेजवर पहिल्या रुपयापासून ५ टक्के द्यावेच लागत होते. त्याच वर्षी मे महिन्यात आम्हा दोघांच्या युरोप सहलीच्या बिलात सहा लाखांखाली ३०,००० रुपयांची वेगळी ओळ होती. रिटर्न भरल्यावर परतावा मिळतो, मान्य. तोवर निवृत्तांचे पैसे अडकतात. त्यामुळे आम्ही खर्चाचे युरोच कमी घेतले. विमान-हॉटेल स्वतः ठरवणाऱ्याला मात्र चलन घेताना दहा लाखांपर्यंत टीसीएस कापला जात नाही. सोबतीशिवाय जाऊ न शकणाऱ्या ज्येष्ठांनीच का भरावे? सरकारने तीच सूट पॅकेजलाही द्यावी.

– एक ज्येष्ठ वाचक, पुणे