निर्वासितांस गुंठाभर भूमि

घरदार सोडून परमुलखांत आलेल्या कुटुंबास प्रथम अन्न, वस्त्र व निवारा द्यावा लागतो, याविषयीं दुमत नाहीं. परंतु अशी मदत महिनोन्‌महिने चालली म्हणजे घेणाऱ्याच्या मनास तिचा भार वाटूं लागतो. त्यांतून तो मूळचा शेतकरी असल्यास रिकामे हात त्यास अधिकच जाचतात. अशा कुटुंबांस सामाइक बागेंत थोडी जमीन देण्याची रीत कांहीं देशांत पडली आहे. तिचा विचार आमच्या वाचकांनीं अवश्य करावा.

जर्मनींतील गॉटिंगेन शहरीं 1995 सालीं, बॉस्नियांतील युद्धामुळें आश्रयास आलेल्या कांहीं स्त्रियांस, येथें सर्वांत अधिक उणीव कशाची भासते, असें विचारण्यांत आलें. आमच्या बागांची, असें त्यांनीं सांगितलें. पुढील वर्षीं जमिनीचा पहिला तुकडा मिळाला व 1998 सालीं रीतसर संस्था स्थापन झाली. आज त्या देशांत अशा बागा शेंकड्यांनीं आहेत. अमेरिकेंतील सॅन डिएगो शहरींही 2009 सालीं 2.3 एकर पडीक जागेवर अशी बाग उभी राहिली. सोमालिया, कंबोडिया, ब्रह्मदेश इत्यादि देशांतून आलेलीं सुमारें 80 कुटुंबें तेथें लागवड करूं लागलीं. म्हणजे कुटुंबामागें गुंठ्याहून किंचित् अधिक.

गुंठाभर जमिनीवर कोणाचा संसार चालतो, असें कोणी म्हणेल. आक्षेप खरा आहे. तेवढ्यांत वर्षाचें धान्य पिकणार नाहीं. पण भाजी घरची होते, बाजारांत न मिळणारी स्वदेशची पालेभाजी ताटांत येते, आणि शेजारच्या वाफ्याशीं बियाण्याची देवघेव करतां करतां परकी भाषा तोंडीं बसते. सर्वांत मोठी गोष्ट ही कीं, काल जो केवळ घेणारा होता तो आज शेजाऱ्यास चार वांगीं देऊं शकतो.

तथापि या कामाचें यश दानावर नव्हे, मुदतीवर अवलंबून आहे असें आमचें मत आहे. शहरांतील मोकळी जागा पुष्कळदां बांधकाम सुरू होईपर्यंतच दिली जाते. एकसाली बोलीनें जमीन कसणारा शेणखत घालीत नाहीं, हें आपणांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ज्याचें घर एकदां गेलें, त्याचा रुजलेला वाफाही मोडणें हें मुळींच न देण्याहून वाईट. म्हणून निदान पांच वर्षांचा लेखी करार, पाण्याची सोय व पीक निवडण्याची मोकळीक, एवढें तरी असावें. शहरी जागा असल्यास मातीची परीक्षा आधीं करावी; जुन्या वस्तीच्या मातींत शिसें असण्याचा संभव असतो.

हा प्रश्न केवळ परदेशचा नव्हे. हल्लींच्या गोंदिया जिल्ह्यांत गोठणगांव येथें 1972 सालीं तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली, तेव्हां त्यांस कसण्यास जमीन देण्यांत आली.

कूळ लागेल ही भीति आमच्या बंधूंच्या मनांत असते, व ती अकारण नाहीं. यासाठीं करार व्यक्तीशीं न करितां जबाबदार संस्थेशीं, आणि वकिलाच्या सल्ल्यानें करावा. ज्याची विहिरीलगत दहा-वीस गुंठे जमीन पडीक असेल, त्यानें अशी मागणी आल्यास भिक्षा म्हणून नव्हे, तर मुदतीचा कागद करून ती द्यावी. घेणाऱ्यानेंही मुदत संपतांना जमीन मिळाली त्याहून कसदार करून परत करावी. असा व्यवहार दोघांसही शोभेल.