पाठभेदांवाचून संहिता

शब्दाचा अर्थ कोण ठरवतो, हा प्रश्न आपण साहित्याच्या वर्गात मोठ्या तन्मयतेने शिकवतो आणि वर्गाबाहेर येताच विसरतो. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातील रॅले येथे भरलेल्या ‘ऑल थिंग्ज ओपन’ या संमेलनात ‘ओपन सोर्स इनिशिएटिव्ह’ या संस्थेने ‘मुक्तस्रोत कृत्रिम बुद्धिमत्ते’ची व्याख्या जाहीर केली. अशा संमेलनांत दर काही वर्षांनी एखादे तंत्रज्ञान पालखीत बसते. कधी क्लाउड, कधी ब्लॉकचेन, आणि आता भाषिक मॉडेले. पालखीबद्दल आमची तक्रार नाही. ती आत यावी म्हणून या वेळी देवळाची चौकटच कापली गेली, याबद्दल आहे.

ही चौकट कोणती? १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. इंग्रजीतल्या ‘फ्री’ शब्दाच्या दोन अर्थांपैकी आपल्याला कोणता अभिप्रेत आहे, हे त्यांना आयुष्यभर समजावून सांगावे लागले. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ हे शब्द वेगळे असल्याने आपली त्या कटकटीतून सुटका आहे. आज्ञावली वापरणे, तिचा अभ्यास करून तिच्यात बदल करणे, ती इतरांना देणे, आणि बदललेली आवृत्तीही देणे, ही ती चार स्वातंत्र्ये. यांपैकी अभ्यासाचे स्वातंत्र्य ‘स्रोत’ हाती असल्याखेरीज पोकळ ठरते. म्हणून स्रोत म्हणजे काय, हेही या चळवळीने नेमके ठरवले होते: बदल करणारा मनुष्य ज्या रूपात बदल करणे पसंत करील, ते रूप.

भाषिक मॉडेल तयार होते ते अफाट लिखित मजकुरातून. त्या मजकुरावर यंत्राला शिकवले जाते आणि अखेरीस हाती येतात अब्जावधी आकडे. हे आकडे वाचून ते कोणत्या मजकुरातून आले, हे कोणालाही सांगता येत नाही. नव्या व्याख्येनुसार आकडे खुले हवेत, शिकवणारी आज्ञावली खुली हवी. मूळ मजकूर, म्हणजे विदा, मात्र नेहमीच खुला असण्याची सक्ती नाही. सार्वजनिक विदा कोठे मिळेल ते सांगावे. जो देता येत नाही त्याचे तपशीलवार वर्णन पुरे.

हे वाचताना आम्हांस भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची आठवण झाली. १९१९ मध्ये तेथे महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम सुरू झाले आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झाले. १२०० हून अधिक हस्तलिखिते तपासली गेली. वि. सी. सुखटणकरांनी १९३३ साली संपादित केलेल्या आदिपर्वात, व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहावे ही सर्वपरिचित कथा मुख्य संहितेतून परिशिष्टात गेली. ज्या महाराष्ट्रात ती लहान मुलाला ठाऊक आहे, तेथे हा निर्णय सोपा नव्हता. पण सुखटणकरांनी कथा नष्ट केली नाही. ती कोणत्या हस्तलिखितांत आहे हे छापून त्यांनी विरोधकाच्याही हाती पुरावा दिला. पानाच्या तळाशी दिलेले पाठभेद म्हणजे, ‘मी चुकलो असेन, तर हे घ्या, तपासा’ असे वाचकाला दिलेले वचन असते. संपादकाने हस्तलिखितांचे नुसते वर्णन दिले असते आणि ती स्वतः कपाटात ठेवली असती, तर त्या आवृत्तीला ‘चिकित्सित’ कोण म्हणाले असते?

व्याख्येच्या समर्थकांचे आक्षेप आम्ही हलके लेखत नाही. रुग्णांच्या नोंदी उघड करता येत नाहीत, हे खरेच. प्रताधिकाराचे कायदे देशागणिक वेगळे आहेत, हेही खरे. तयार आकड्यांवर पुढे शिकवून मॉडेलात बदल करता येतो, हेही आम्ही मान्य करतो. परंतु ज्याला मूळ घडण तपासायची आहे, त्याला वरून दिलेला रंग उपयोगाचा नाही. राहिला रुग्णांच्या नोंदींचा प्रश्न. एखादी गोष्ट गुप्त ठेवणे योग्य असू शकते. गुप्त ठेवूनही तिला मुक्त म्हणणे योग्य ठरत नाही. अशा मॉडेलांसाठी ‘ओपन वेट्स’ हे प्रामाणिक नाव प्रचारात आहेच. कडक व्याख्या केली तर तिच्यात काहीच बसणार नाही, ही भीतीही निराधार आहे. अमेरिकेतील ॲलन इन्स्टिट्यूटने २०२४ मध्येच ‘ओल्मो’ हे मॉडेल त्याच्या विद्यासकट प्रसिद्ध केले होते. या संस्थेने मेटा कंपनीच्या ‘लामा’ला मुक्तस्रोत मानण्यास नकार दिला, याचे श्रेय तिला द्यायला हवे. पण दुसऱ्याची सैल व्याख्या नाकारल्याने आपली घट्ट होत नाही.

साहित्याच्या अभ्यासकांनी या वादात का पडावे? कारण उद्या हीच यंत्रे आपल्या विद्यार्थ्यांचे निबंध सुधारणार आहेत. किंबहुना तसे होऊ लागलेच आहे. एखाद्या मुलीने आपल्या निबंधात आजीच्या तोंडी वऱ्हाडी वाक्य घातले आणि यंत्राने ते ‘शुद्ध’ करून परत दिले, तर ती शुद्धता कोठून आली? वृत्तपत्रांतून, सरकारी परिपत्रकांतून, की इंग्रजीवरून केलेल्या कच्च्या भाषांतरांतून? त्या मजकुरात दलित आत्मकथने होती काय? अहिराणी, मालवणी कितपत होती? मास्तरांनी लाल शाईने खूण केली, तर निदान मास्तरांशी भांडता येते. प्रमाणभाषेच्या नावाखाली कोणाची भाषा अशुद्ध ठरते, यावर आपण दशकानुदशके वाद घातला, आणि तो घालता आला, कारण व्याकरणे, कोश, पाठ्यपुस्तके आपल्यासमोर उघडी होती. बंद विद्याशी वाद घालता येत नाही.

आमची मागणी लहान आहे. ज्याचा मूळ मजकूर वाचकाला पाहता येत नाही, त्याला मुक्तस्रोत म्हणू नये. ते उपयुक्त असेल, मोफतही असेल. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत. ते वेगळे राखणे हे आपले काम आहे.