मन लावून काम करा म्हणता, मग दिलेला शब्द पाळा!

नागपूर महानगरपालिकेने २०१८ च्या सुमारास सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. कामगार नेमून दिलेल्या बीटवर आहे की नाही, हे कार्यालयात बसलेल्या साहेबाला पडद्यावर दिसावे हा त्यामागचा हेतू. बीट सोडले की गैरहजेरी आणि गैरहजेरी लागली की पगारात कपात! बीटवर स्वच्छतागृह नसेल तर महिला कामगाराने जायचे कुठे, या प्रश्नाचे उत्तर घड्याळाजवळ नव्हते. हातमोजे, गमबूट आणि साबण मागणाऱ्या माणसाच्या हाती पहारेकरी बांधला गेला. आणि तरीही पांढरपेशा वस्त्यांतली ओरड कायम आहे की, हे लोक मन लावून काम करीत नाहीत.

माणूस मन लावून काम केव्हा करतो? व्यवस्थापनशास्त्राने या प्रश्नाचा बराच अभ्यास केला आहे. २००१ साली डेमेरौती, बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले की, कामाचा बोजा माणसाला थकवतो. पण कामाचे बळ देणाऱ्या गोष्टी नसतील तर त्याचे मनच कामातून उठते. या बळात अवजारे येतात, प्रशिक्षण येते, ऐकून घेणारा वरिष्ठ येतो, हक्काची रजा येते आणि आपल्या कामाबाबत बोलण्याचा अधिकारही येतो. त्याआधी १९६० साली ख्रिस अर्गिरिस यांनी 'मानसिक करार' ही कल्पना मांडली आणि १९८९ पासून डेनिस रुसो यांनी ती विकसित केली. नोकरीच्या कागदावर जे लिहिलेले नसते, पण दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेले असते, तो हा करार. मी इमाने राबेन, तुम्ही मला सांभाळाल, हा त्याचा गाभा. तो मोडला की माणूस हजेरी लावतो, पण जीव ओतत नाही.

नागपूरकरांना हे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. १८७७ साली येथे एम्प्रेस मिल सुरू झाली तेव्हा कामगारांची गैरहजेरी ही मालकांची मोठी डोकेदुखी होती. जमशेटजी टाटांनी केवळ दंडाचा बडगा उगारला नाही. १८८६ साली पेन्शन फंड, १८९५ साली अपघात भरपाई आणि पुढे १९०१ साली भविष्य निर्वाह निधी असा मार्ग धरला. हा धर्मादाय नव्हता, मालकाचा हिशेब होता. माणसाला उद्याची खात्री दिली तर तो आज कामावर येतो, एवढे त्या हिशेबाला कळले होते. पुढे १९८६ साली ही मिल राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ साली बंद पडली. सव्वाशे वर्षांपूर्वी एका भांडवलदाराला जे कळले, ते आज कल्याणकारी म्हणवणाऱ्या शासनाला का कळू नये?

याच शहरातील ऐवजदारांचे उदाहरण घ्या. कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्याऐवजी झाडू हाती घेणारा तो ऐवजदार. नावाप्रमाणे हे काम तात्पुरते असायला हवे होते. पण हजारो माणसे वीस-वीस वर्षे दुसऱ्याच्या 'ऐवजी' राबत राहिली. काम रोजचे, नोकरी मात्र कुणा दुसऱ्याची! आज ना उद्या कायम होऊ, हाच त्यांचा अलिखित करार होता. दीर्घ लढ्यानंतर २०१९ साली राज्य शासनाने वीस वर्षे सेवा झालेल्या चार हजारांहून अधिक ऐवजदारांसाठी अधिसंख्य पदांना मंजुरी दिली. हा कामगारांचा विजय होताच. पण अधिसंख्य पद त्या माणसापुरते असते. तो निवृत्त झाला की पद संपते. त्याच वर्षी शहरातील घराघरांतून कचरा उचलण्याचे काम दोन खाजगी कंपन्यांमध्ये वाटले गेले. म्हणजे एका दाराने माणसे कायम झाली आणि दुसऱ्या दाराने कंत्राट पक्के झाले.

आमच्या समाजाला या 'ऐवजी'चा इतिहास नवा नाही. महार वतनात वतनदाराने चोवीस तास सरकारच्या आणि गावाच्या हाकेला हजर राहायचे आणि तो नसेल तर घरातल्या कुणीतरी जायचे. कामाचे तास ठरलेले नाहीत, मोबदला ठरलेला नाही, मिळेल ते बलुते. हाही एक अलिखित करारच होता. फक्त तो एकाच बाजूला बांधत होता. म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणले. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी कामाचे तास आणि पगारी रजा मालकाच्या मर्जीवर सोडल्या नाहीत, कायद्यात आणल्या. १९४६ च्या कारखाने दुरुस्तीने आठवड्याचे ४८ तास ठरले ते याच दृष्टीतून. मालकाच्या चांगुलपणावर विसंबू नका, जे हक्काचे आहे ते लिहून घ्या, हा बाबासाहेबांच्या कामगार धोरणाचा अर्थ आहे.

कंत्राटीकरण हे चाक उलटे फिरवते. कंत्राटी माणसाची मानसिक करार करण्याची जागाच हिरावली जाते, कारण त्याचा मालक कोण हेच त्याला ठाऊक नसते. आमच्यासारख्या वकिलांकडे येणाऱ्या अशा कामगारांच्या पिशवीत दहा वर्षांत तीन-तीन ठेकेदारांची ओळखपत्रे निघतात. नेमणुकीचे पत्र एकाचेही नसते. झाडू तोच, बीट तेच, मुकादमही तोच. मालक तेवढा बदलत जातो! शिवाय संविधानाच्या कलम १६(४) चे आरक्षण राज्याच्या सेवेतील पदांना लागू होते, ठेकेदाराच्या यादीला नाही. २०२३ साली राज्य शासनाने नऊ खाजगी संस्थांमार्फत शासकीय कामासाठी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला, तेव्हा तरुण रस्त्यावर आले आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. निर्णय रद्द झाला, पण ती वृत्ती रद्द झाली असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

काही जण विचारतील, कायम नोकरीवाले तरी कुठे मन लावून काम करतात? प्रश्न खोटा नाही. कामचुकार कायम नोकरीतही असतात आणि त्यांत आपलेही असतात. पण कायम कामगाराकडून काम करून घेण्यासाठी नियम आहेत, चौकशी आहे, शिक्षा आहे. ते सोडून नोकरीच अधांतरी ठेवणे म्हणजे आजार सोडून रोग्याला मारणे होय. आणि शब्द कायम नोकरांशीही मोडला गेलाच आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. एकाच टेबलावर, एकच काम करणाऱ्या दोघांचे म्हातारपण वेगवेगळे झाले. मार्च २०२३ चा राज्यव्यापी संप त्यातूनच पेटला.

न्यायालयात काय स्थिती आहे? २००६ च्या उमादेवी निकालाचा आधार घेऊन वर्षानुवर्षे प्रशासनाने हंगामी कामगारांना दारातूनच परत पाठवले. त्याच निकालाने दहा वर्षे सेवा झालेल्यांसाठी ठेवलेली वाट मात्र सोयीने विसरली गेली. २० डिसेंबर २०२४ रोजी न्या. विक्रम नाथ आणि न्या. प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने या प्रवृत्तीवर बोट ठेवले. केंद्रीय जल आयोगाच्या कार्यालयात दीर्घकाळ झाडलोट करणाऱ्या महिलांना २०१८ साली काढून तेच काम बाहेरच्या एजन्सीकडे देण्यात आले होते. न्यायालयाने त्यांना कामावर घेऊन नियमित करण्याचा आदेश दिला. काम कायमचे आणि माणूस तात्पुरता, ही फसवणूक न्यायालयाने ओळखली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या आहेत. कामाच्या ठिकाणची सुरक्षा व आरोग्याविषयीच्या संहितेने आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार घेण्यास मनाई केली, पण झाडलोट आणि कचरा उचलणे हे मुख्य काम नाही असे म्हणून सफाईला वगळले. मात्र ही सूट आस्थापना त्याच कामासाठी उभारलेली नसेल तरच आहे. शहर स्वच्छ ठेवणे हे महानगरपालिकेचे कायद्याने ठरवलेले बंधनकारक कर्तव्य आहे. मग पालिकेसाठी सफाई 'मुख्य काम' नाही, असे म्हणता येईल काय? आमच्या मते नाही, आणि हा मुद्दा कामगार संघटनांनी न्यायालयात नेटाने लढवला पाहिजे.

याच संहितेने प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आहे. तेव्हा वस्तीवस्तीतील कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे की, आपल्या वस्तीतील कंत्राटी कामगारांची यादी करा. प्रत्येकाने ठेकेदाराकडे नेमणूकपत्र लेखी मागावे आणि अर्जाची पोच जपून ठेवावी. जुनी ओळखपत्रे, पगाराच्या पावत्या, भविष्य निधीचे उतारे फेकू नका. उद्या न्यायालयात तीच तुमची साक्ष आहे. आपल्या समाजातील अधिकारी आणि नगरसेवकांनीही कंत्राटाच्या फाइलवर सही करण्यापूर्वी त्या सहीखाली कुणाचे घर येते, हे पाहावे. आणि पालिकेला एकच विचारायचे आहे: मनगटावरच्या घड्याळाने माणूस बीटवर उभा राहील, पण त्याचे मन कामात असावे यासाठी तुम्ही त्याला काय दिले?