रुग्णाची जबानी

रुग्णालयात दाखल झालेल्या वृद्धाच्या नावाने पहिल्या दिवसापासून जे दफ्तर वाढू लागते, त्यात नाडी, ज्वर, रक्तशर्करा, इतकेच नव्हे तर पोटात गेलेल्या पाण्याचाही हिशेब सापडतो. परंतु ज्याच्या देहाविषयी हे सर्व लिहिले गेले, त्याला स्वतःला येथे कसे वाटते, याविषयी एक ओळही बहुधा सापडत नाही. त्यातून रुग्ण स्मृतिभ्रंशाचा असला, तर ‘ह्यांना काय विचारायचे?’ असे म्हणून आपण मुलाकडे वा सुनेकडे वळतो, आणि मुखत्याराचे म्हणणे हीच पक्षकाराची जबानी समजून राउंड पुढे सरकतो.

ही समजूत संशोधनाच्या कसोटीला उतरलेली नाही. अमेरिकेत रिबेका लॉग्सडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेली ‘क्यूओएल-एडी’ ही स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या जीवनाच्या गुणवत्तेची मोजणी 13 प्रश्नांची असून प्रत्येकाला चार श्रेणी, म्हणजे एकूण गुण 13 ते 52. तेच प्रश्न रुग्णाला निराळे आणि आप्ताला निराळे विचारावयाचे असतात. ब्रिटनमधील ‘डेमक्वॉल’ने 2005 मध्ये रुग्णासाठी 28 आणि सांभाळणाऱ्यासाठी 31 प्रश्नांची व्यवस्था केली. सौम्य व मध्यम अवस्थेतील रुग्ण अशा प्रश्नांना विश्वसनीय उत्तरे देऊ शकतात, हे त्यातून दिसले. रुग्णाने सांगितलेल्या समाधानाचा स्मरणशक्तीच्या गुणांशी असलेला संबंध क्षीण, तर मनाच्या विषण्णतेशी असलेला संबंध बळकट असतो. आप्तांनी दिलेले गुण रुग्णाच्या गुणांहून सहसा कमी भरतात. आणि सांभाळणारा जितका थकलेला व खिन्न, तितके ते अधिकच उतरतात. मुखत्याराच्या कैफियतीत त्याचे स्वतःचे दुःखही मिसळलेले असते. तेही नोंदण्याजोगे आहेच, मात्र त्याच्या स्वतःच्या नावावर.

रुग्णालयात ही साधने जशीच्या तशी चालवू गेल्यास घोटाळा होतो. घरकाम आणि पैशाविषयीचे प्रश्न खाटेवरच्या माणसाला परके वाटतात. आणि ‘गेल्या आठवड्यात कसे वाटले?’ असे खुब्याचे हाड मोडून तीन दिवसांपूर्वी आलेल्या आजींना विचारले, तर त्या आठवड्यात घर, अपघात आणि वॉर्ड ही तिन्ही एकत्र आलेली असतात. शिवाय संसर्गाने, औषधाने वा केवळ जागरणाने तात्पुरता भ्रम जडलेला असल्यास सकाळची जबानी संध्याकाळी टिकत नाही. म्हणून आधी ‘फोर-एटी’सारख्या काही मिनिटांच्या तपासणीने भ्रम पाहावा, वेदनेचा बंदोबस्त करावा, चष्मा आणि कर्णयंत्र जागेवर असल्याची खात्री करावी, आणि मगच प्रश्न मांडावा. नळी उपटू नये म्हणून ज्याचे हात खाटेला बांधले आहेत, त्याला जीवनाच्या गुणवत्तेविषयी विचारण्यापूर्वी ते बांधणे खरोखर अपरिहार्य होते काय, हे आपण आपल्याला विचारलेले बरे.

आमच्या वडोदऱ्यात ह्या कामाला भाषेची आणखी एक गाठ आहे. दांडिया बाजारातील मराठी घरांत जन्मभर उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर गुजराती असा व्यवहार चालत आला. स्मृती विरू लागली की पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी मागे पडते, आणि सिस्टरच्या गुजराती प्रश्नाला मौन मिळाले, तर ते बुद्धीचे मौन समजले जाते. उलट ‘केम छो?’ असे विचारताच ‘मजामां’ हे उत्तर सौजन्याच्या सवयीने आपोआप येते. मुलगा उशाशी उभा असता ‘सगळं उत्तम आहे’ म्हणणाऱ्या आजोबांचेही तेच. अशा उत्तराला गुण देणे म्हणजे शिष्टाचार मोजणे होय. राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत शेजारीशेजारी मांडणारा ‘सयाजीशासनशब्दकल्पतरु’ 1931 मध्ये ज्या संस्थानाने सिद्ध केला, त्याच्या राजधानीतील रुग्णालयांत खुशाली विचारण्याचे तेरा प्रश्न दोन भाषांत नीट घडवून, रुग्णांवर पारखून ठेवणे अवघड वाटू नये.

रोग फार पुढे गेला आणि वाचाच थांबली, तर ‘क्वॉलिड’सारखी 11 लक्षणांची निरीक्षणपत्रिका उपयोगी पडते. तिचे गुण 11 ते 55 असून तेथे कमी गुण म्हणजे अधिक स्वास्थ्य, हे विसरता कामा नये. आणि ती भरणाऱ्याने रुग्णाला आठवडाभर पाहिलेले असावे, पाळी बदलताच नव्याने आलेल्याने ती उरकू नये.

भारतातील साठीपुढच्या लोकांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. हाड, हृदय वा मूत्रमार्ग अशा निमित्ताने त्यांतील कित्येक आपल्या वॉर्डांत येतच राहणार. आमची सूचना लहानच आहे. केसपेपरावर दोन रकाने आखावेत, एक रुग्णाचा आणि एक आप्ताचा. भरतीनंतर भ्रम ओसरताच एकदा आणि घरी जाण्यापूर्वी एकदा ते भरावेत. आणि दोहोंत अंतर पडले, तर सरासरी काढून ते मिटवू नये, त्याचे कारण शोधावे. रुग्णाला उत्तर देता आले नाही, तर त्याचा रकाना रिकामाच ठेवून पुढे ‘विचारले’ एवढा शेरा आणि तारीख लिहावी. दुसऱ्याच्या शब्दांनी तो भरला, तर उद्या त्याला पुन्हा विचारायला कोणी जाणार नाही.