मागे राहणाऱ्याचे घर

न्यू जर्सी, मिशिगन, इलिनॉय या राज्यांत तीस-पस्तीस हिवाळे काढलेली आपली पहिली पिढी आता एकामागून एक निवृत्त होत आहे. मुले शिकून आपापल्या मार्गाला लागली, घराचे कर्ज फिटले, आणि जानेवारीत दारापुढचा बर्फ उपसताना कंबर कुरकुरू लागली की घरात फ्लोरिडाचे नाव निघते. जयंतीच्या कार्यक्रमानंतर जेवणाच्या पंगतीत आम्हांला अलीकडे सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्नही हाच असतो: तिकडे स्वस्तात घर मिळते म्हणतात, घ्यावे काय?

या प्रश्नाचा विचार बहुतेक जण घराच्या किमतीपासून सुरू करतात. आम्ही तो दुसऱ्या टोकापासून सुरू करू इच्छितो. उतारवयातले घर दोघे मिळून निवडतात. परंतु त्या घरातली शेवटची वर्षे बहुधा एकच जण काढतो. त्या एकट्या माणसाला ते घर पोसता येईल काय, आणि तिथे त्याला माणसांत राहता येईल काय, हे दोन प्रश्न आधी विचारले पाहिजेत. ते अशुभ वाटतात म्हणून आपण टाळतो. पण अनित्यतेचा पाठ रोज म्हणणाऱ्यांनी तरी ते टाळू नयेत.

आकडे घेऊनच पाहू. समजा, पतीचे सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतन महिना २,६०० डॉलर आहे आणि पत्नीचे १,१००. आपल्याकडे असे अंतर सर्रास दिसते. कारण अनेक भगिनी उशिरा या देशात आल्या, व्हिसाच्या अटींमुळे कित्येक वर्षे त्यांना नोकरी करता आली नाही, आणि नंतर केली ती कमी पगाराची. दोघांचे मिळून ३,७०० होतात. घराचा मालमत्ता कर, विमा, वसाहतीची वर्गणी असा खर्च महिन्याला १,२२० डॉलर धरला, तर तो उत्पन्नाच्या एक तृतीयांश पडतो. ओढाताण न होता निभावतो. दोघांपैकी एक गेल्यावर मात्र दोन्ही वेतने चालू राहत नाहीत. मागे राहणाऱ्याला त्यांतले मोठे तेवढे मिळते, लहान बंद होते. म्हणजे २,६००. घराचा खर्च एका डॉलरनेही कमी होत नाही. तो आता जवळजवळ निम्म्या उत्पन्नावर येऊन बसतो. त्यातच प्राप्तिकराचा हिशेब पुढील वर्षापासून बहुधा एकट्या व्यक्तीच्या दराने होतो. दोघांच्या उत्पन्नावर परवडणारे घर आणि एकाच्या उत्पन्नावर परवडणारे घर ही दोन वेगळी घरे आहेत. आमच्या मते दुसरेच घर शोधावे, मग ते एका खोलीने लहान असले तरी चालेल.

आता हा १,२२० चा आकडा कशाकशाने वाढतो ते पाहू, कारण जाहिरातीत तो कुठेच नसतो. फ्लोरिडात राज्याचा प्राप्तिकर नाही, ही गोष्ट खरी आहे. मालमत्ता करही न्यू जर्सीच्या मानाने हलका वाटतो. न्यू जर्सीत त्याची सरासरी वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात गेली आहे. परंतु घर दाखवताना विकणाऱ्याच्या कराची जी पावती आपल्याला दाखवली जाते, ती आपली नव्हे. फ्लोरिडात स्वतः राहत्या घराचे करपात्र मूल्य वर्षाला ३ टक्क्यांहून अधिक वाढू दिले जात नाही. वीस वर्षे तिथे राहिलेल्या मालकाचा कर म्हणूनच कमी असतो. घर विकले गेले की पुढच्या वर्षी ते मूल्य बाजारभावाला येते आणि नव्या मालकाला कधी दुप्पट पावती येते. घर घेण्यापूर्वी त्या काउंटीच्या मूल्यनिर्धारकाच्या कार्यालयाकडून आपला संभाव्य कर काढून घ्यावा. राहत्या घराची ‘होमस्टेड’ सवलत आपोआप मिळत नाही. १ जानेवारीला त्या घरी कायमचे वास्तव्य असावे लागते आणि १ मार्चपर्यंत अर्ज करावा लागतो.

नव्या वसाहतींत कराच्या त्याच पावतीवर आणखी एक रक्कम असते, ती ‘सीडीडी’ची. रस्ते, तळी, गटारे बांधण्यासाठी काढलेल्या रोख्यांची ती परतफेड असते आणि ती घरमालकांवर वर्षानुवर्षे चालते. एचओएची वर्गणी याहून निराळी. दोन्ही विचारल्याशिवाय कोणी सांगेल या भरवशावर राहू नये.

विम्याचे प्रकरण सर्वांत अवघड. घराच्या साध्या विम्यात पुराचे नुकसान येत नाही. त्याचा विमा वेगळा घ्यावा लागतो. केंद्र सरकारच्या योजनेत घराच्या इमारतीसाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलरचे संरक्षण मिळते आणि गृहकर्जासोबत घेतला नसेल तर तो लागू व्हायला साधारण ३० दिवस लागतात. म्हणजे वादळाचे नाव बातम्यांत ऐकून विमा घेता येत नाही. चक्रीवादळासाठी स्वतःच्या खिशातून भरायचा हिस्सा ठरावीक रकमेऐवजी बहुधा टक्केवारीत असतो. तीन लाखांच्या विम्यावर २ टक्के म्हणजे ६,००० डॉलर आणि ५ टक्के म्हणजे १५,०००. हप्ता कमी दिसावा म्हणून मोठी टक्केवारी निवडली, तर वादळाच्या दुसऱ्या दिवशी तेवढी रोकड त्या एकट्या माणसाकडे असेल काय? छत जुने असेल तर अनेक कंपन्या विमा देण्यास नाखूश असतात, म्हणून स्वयंपाकघराच्या नव्या ओट्यापेक्षा छताचे वय आधी विचारावे. वाऱ्याला तोंड देण्याच्या तयारीची तपासणी करून घेतल्यास हप्त्यात सूट मिळते. तिचा खर्च लवकर भरून निघतो. २०२२ चे इयान आणि २०२४ चे हेलीन ही वादळे ज्यांनी पाहिली, त्यांना समुद्रापासून किती मैल हा प्रश्न नव्याने समजला आहे. आम्ही किनाऱ्याऐवजी आतल्या भागाकडे, ओकाला-लेकलँडच्या बाजूला, बोट दाखवू. समुद्र बघायला गाडीने जाता येते.

सर्वांत स्वस्त दिसणारी घरे दोन प्रकारची असतात आणि दोन्हींविषयी आम्ही सावध आहोत. पहिला प्रकार जुन्या कॉन्डोचा. २४ जून २०२१ रोजी मायामीजवळच्या सर्फसाइड येथे बारा मजली निवासी इमारत कोसळून ९८ माणसे दगावली. त्यानंतर २०२२ मध्ये फ्लोरिडाने कायदा केला. तीन किंवा अधिक मजल्यांच्या जुन्या कॉन्डो इमारतींची बांधकाम-तपासणी आता बंधनकारक आहे आणि दुरुस्तीचा राखीव निधी जमवणे रहिवाशांना मताने टाळता येत नाही. कायदा योग्यच आहे. पण वर्षानुवर्षे निधी न जमवलेल्या इमारतींत आता सदनिकेमागे हजारो डॉलरची विशेष आकारणी होते, आणि म्हणूनच तिथल्या सदनिका स्वस्तात निघतात. तपासणीचा अहवाल आणि राखीव निधीचा अभ्यास हातात आल्याशिवाय सही करू नये.

दुसरा प्रकार भाड्याच्या जागेवरच्या तयार घरांचा. घर आपले, जमीन दुसऱ्याची. घराची किंमत इतकी कमी असते की डोळे विस्फारतात. पण जागेचे भाडे दरवर्षी वाढते आणि नावाला ‘मोबाइल’ असलेले ते घर उचलून नेणे जवळपास अशक्य असते. दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडे बांधून राहण्याचा अर्थ आपल्या वाडवडिलांना नीट ठाऊक होता. तो इथे येऊन पुन्हा शिकण्याचे कारण नाही.

पंचावन्न वर्षांवरील लोकांच्या वसाहती अनेकांना आवडतात, आणि त्या वाईट नाहीत: सपाट रस्ते, एकमजली घरे, पोहण्याचा तलाव, शेजारी आपल्याच वयाचे. १९९५ च्या केंद्रीय कायद्यानुसार किमान ८० टक्के घरांत एक तरी व्यक्ती ५५ किंवा त्याहून मोठी असली, तर अशा वसाहतीला मुलाबाळांची कुटुंबे नाकारता येतात. नातवंडे किती दिवस राहू शकतील यावरही अनेक वसाहतींची मर्यादा असते. नोकरी गेलेला मुलगा, घटस्फोट झालेली लेक आईच्या घरी परत येणे हे आपल्या कुटुंबांत स्वाभाविक मानले जाते. तिथे ते नियमभंग ठरू शकते. नियमावली पन्नास-साठ पानांची असते. ती मुलांकडून वाचून घ्यावी, आणि स्वतःही वाचावी.

दुसरा प्रश्न माणसांचा. तो आकड्यांत मांडता येत नाही, पण पहिल्याइतकाच कठीण आहे. आपल्या पिढीतल्या अनेक भगिनी गाडी चालवतात, परंतु महामार्गावर जात नाहीत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला की तेवढेही थांबते. (मागे राहणारा पुरुषही असू शकतो. चाळीस वर्षे घराचा हिशेब सांभाळलेल्या आणि कधी डाळीला फोडणी न दिलेल्या बंधूंनी हे वाक्य दोनदा वाचावे.) फ्लोरिडाच्या बऱ्याच वसाहतींतून पायी कुठेही जाता येत नाही. यावर एक उपाय फार थोड्यांना माहीत असतो. १९९० च्या अपंगत्वविषयक केंद्रीय कायद्यानुसार, जिथे ठरावीक मार्गावर सार्वजनिक बस धावते, तिथे त्या मार्गापासून पाऊण मैलाच्या आत, शारीरिक अडचणीमुळे ज्यांना बसने जाता येत नाही अशांसाठी नोंदणी करून बोलावता येणारी वाहनसेवा द्यावी लागते. तिचे भाडे साध्या बसभाड्याच्या दुपटीहून अधिक असू शकत नाही. नुसत्या वयावर ती मिळत नाही; पण गुडघे गेलेल्या, नजर अधू झालेल्या माणसाला तिचा मोठा आधार असतो. तेव्हा घर पाहताना बसचा नकाशा उघडावा. पाऊण मैलाच्या आतले घर आणि तीन मैलांवरचे घर यांत पंचवीस हजारांचा फरक असला, तरी आम्ही आतलेच घेऊ.

आता शेजाऱ्यांविषयी. भारतीयांसाठी म्हणून बांधलेल्या निवृत्त-वसाहती फ्लोरिडात उभ्या राहिल्या आहेत. आपले जेवण, आपली भाषा, आपले चित्रपट, संध्याकाळी बाकावर बसून बोलायला कोणीतरी. एकट्या माणसाला याची किंमत किती असते हे आम्ही जाणतो, म्हणून त्यांची थट्टा करणार नाही. परंतु अशा ठिकाणी काही गोष्टी डोळे उघडे ठेवून पाहाव्या लागतात. सामुदायिक भोजनगृह केवळ शाकाहारी असेल, सभागृहातच देऊळ असेल आणि त्या दोहोंचा खर्च सर्वांच्या मासिक वर्गणीतून होत असेल, तर आपण कशासाठी पैसे भरतो आहोत हे आधी कळले पाहिजे. आमच्या परिचयातील एक दांपत्य अशीच एक वसाहत पाहण्यास गेले होते. पहिल्याच चहाला त्यांना आडनाव विचारले गेले, मग गाव, मग गावातली वस्ती. कोणी वाईट शब्द काढला नाही. दुसऱ्या चहाचे निमंत्रण मात्र आले नाही. बडोद्याच्या पारशी सरायीत १९१७ साली जे उघड्यावर घडले, ते आता इतक्या मृदू स्वरात घडते की तक्रार कशाची करावी हेच कळत नाही. १९६८ चा केंद्रीय गृहनिवास कायदा वंश, वर्ण, धर्म, राष्ट्रीय मूळ यांवरून भेदभाव करण्यास मनाई करतो. जातीचा शब्द त्यात नाही. सिएटल शहराने २०२३ मध्ये जातीचा स्पष्ट उल्लेख केला, आणि त्यात घरांचाही समावेश आहे. पण आपण सिएटलला जात नाही. तिथे ऊन नाही.

म्हणून अशा वसाहतीत घर घेण्यापूर्वी आठवडाभर भाड्याने राहावे, भोजनगृहात जेवावे, आणि व्यवस्थापकाला सरळ विचारावे: १४ एप्रिलला सभागृह मिळेल काय? वैशाख पौर्णिमेला बुद्धवंदना घेता येईल काय? उत्तरापेक्षा उत्तर देण्यास लागलेला वेळ अधिक सांगून जाईल. उत्तर मोकळे आले तर आनंदाने राहावे. अशीही ठिकाणे असतील. नसेल तर मिश्र वस्तीतले साधे घर बरे, जिथे शेजारी पोर्तो रिकोचा किंवा ओहायोचा असेल आणि आपले आडनाव त्याला फक्त उच्चारायला कठीण जाईल. विहारासाठी अडून राहावे लागत नाही. टँपाला पाम नदीच्या काठी थाई विहार आहे. रविवारी तिथे खाद्यपदार्थांचा बाजार भरतो आणि गर्दी लोटते. श्रीलंकेच्या किंवा थायलंडच्या विहारात उच्चार थोडे वेगळे वाटतील, पण त्रिशरण-पंचशील पालीतच असते आणि आपल्या ओठांवर ते आपोआप येते.

इतर राज्यांविषयी थोडक्यात. टेक्सासमध्ये प्राप्तिकर नाही, पण मालमत्ता कर जड आहे. ६५ वर्षांनंतर शाळांच्या कराची रक्कम गोठवली जाते, हा दिलासा. जॉर्जियात ६५ वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीला निवृत्तीच्या उत्पन्नापैकी ६५ हजार डॉलरपर्यंत राज्याचा कर नाही, आणि अटलांटात मराठी माणूसही भेटतो. आम्हांला हा पर्याय फ्लोरिडाहून अधिक विचारार्ह वाटतो. ॲरिझोनाचे घर जुलैत पाहावे. फिनिक्सला २०२३ मध्ये सलग ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइटला किंवा त्यावर होता. नागपूरकरांना त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण नागपूरला मे महिन्यात दुपारी कोणी औषधे आणायला निघत नाही, आणि निघालेच तर शेजारचा मुलगा धावतो. मेडिकेअर भारतात चालत नाही, त्यामुळे कायमचे परतण्याचा विचार करणाऱ्यांचा हिशेब अगदीच वेगळा. त्यावर स्वतंत्रपणे लिहू.

घर ठरले तर दोन गोष्टी त्याच आठवड्यात कराव्यात. खरेदीखतावर दोघांची नावे पती-पत्नी म्हणून असावीत. फ्लोरिडात तसे असल्यास एकाच्या पश्चात घर वारसाच्या न्यायालयीन प्रक्रियेत न अडकता दुसऱ्याकडे जाते. आणि विमा, कर, वर्गणी, पाणी, वीज यांची सर्व खाती कोणत्या तारखेला किती मागतात हे एका वहीत मराठीत लिहून ठेवावे. ती वही दोघांनीही महिन्यातून एकदा, आळीपाळीने, स्वतः बसून भरावी.